जुनवानीच्या पहिली ‘ब’मधले समुद्री डाकू

हिरा मॅडमला पोलिसांनी नेलं, ही बातमी भिलाईच्या जुनवानीत मंगळवारी सकाळी अकराला फुटली आणि बारा वाजेपर्यंत स्मृतीनगरच्या भाजीवाल्याकडे पोचली. साठीला टेकलेली बाई, पहिलीच्या चाळीस पोरांना डाका घालायला शिकवत होती म्हणे. माझ्यापर्यंत आली तेव्हा बातमीत नुसता डाका होता. माझ्याकडून पुढे गेली तेव्हा तिच्यात एक पिस्तूलही होतं. ते मी घातलं, कबूल करते. बातमीला रिकाम्या हाताने पुढे पाठवू नये, असं आमच्या घरचं वळण आहे.

खरं एवढंच होतं, की एक हवालदार वर्दीत शाळेत आला, दहा मिनिटं थांबला आणि स्वतःचा पट्टा घेऊन परत गेला. त्याचा मोनू पहिली ‘ब’मध्ये आहे. डाकूला रुंद पट्टा लागतो, म्हणून मोनूने बापाचा सरकारी पट्टा दप्तरात कोंबून आणला होता. बिचारा हवालदार एका हाताने पँट सावरत फाटकापासून वर्गापर्यंत चालत गेला. परत जाताना हिरा मॅडम त्याला फाटकापर्यंत सोडायला आली, आणि त्यालाच लोकांनी ‘नेलं’ म्हटलं. कोण कोणाला नेत होतं, एवढं बारीक बघायला कोणाला सवड आहे?

सगळी जुनवानी तिला हिरा मॅडम म्हणते. मी हिराताई म्हणते, कारण आमची भिंत एकच आहे, आणि जिच्या कुकरच्या शिट्ट्या रोज मोजता येतात तिला मॅडम कसं म्हणणार? तिचं माहेर तुमसरकडचं. बापाने धानाची बांधी भावाच्या हवाली केली, पोलादाच्या प्लँटमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस, म्हणून लागला आणि पोरगी सेक्टरच्या क्वार्टरमध्ये वाढली. एका बाजूला तेलुगू शेजार, दुसऱ्या बाजूला उडिया. त्यामुळे तिला चार भाषांत रागावता येतं आणि पाचवी, छत्तीसगढी, ती फक्त भाव करताना वापरते. नवरा आनंदराव लांजेवार दुर्गला रेल्वेत होता. आयुष्यभर गाड्यांचे आवाज ऐकून त्याला आता शांतता हवी असते, आणि बायको पहिलीची शिक्षिका. देव कोणाचं काय बघून जोड्या लावतो, तो जाणे.

एकतीस वर्षं ती पहिलीलाच शिकवते आहे. शाळा खासगी आहे, नाव सांगत नाही. मला त्याच गल्लीत राहायचं आहे. दोनदा तिला पाचवी देऊ केली, दोनदा तिने नको म्हटलं. मी विचारलं, “कावून वं? पगार वाढला असता.”

“पाचवीच्या पोरायले लाज येते रश्मे,” ती म्हणाली. “लाज आली का मानूस प्रश्न इचारत नाई. मंग शिकवू कोनाले, भिंतीले?”

आता डाकू कुठून आले ते सांगते.

पहिलीच्या पुस्तकात वाहनांचा धडा आहे. बैलगाडी, सायकल, बस, रेल्वे, विमान आणि अठराव्या पानावर जहाज. बाकी सगळं पोरांनी पाहिलेलं. विमानसुद्धा रायपूरला उतरताना डोक्यावरून जातं. जहाज म्हटलं की मात्र चाळीस तोंडं उघडी. मैत्रीबागेतली पायडल मारायची नाव हेच भिलाईच्या पोरांचं सगळ्यात मोठं जहाज, बदकाच्या आकाराचं. समुद्र म्हणजे काय, तर एक पोरगी म्हणाली, शिवनाथ नदीला पूर आला की तो समुद्र.

आणि शिकवणारी तरी कुठे मोठी खलाशी होती? हिराताईने जन्मात समुद्र पाहिलेला नाही. दहा वर्षांपूर्वी शाळेच्या सहलीबरोबर पुरीला गेली होती. पहिल्याच रात्री काहीतरी बाधलं, दोन दिवस लॉजच्या संडासात काढले आणि तिसऱ्या दिवशी गाडी. “लाटेचा आवाज आयकू येत होता,” ती सांगते. मी म्हणते, ताई, तो फ्लशचा असेल.

तर अशा बाईने, धडा मरू नये म्हणून, जहाजात समुद्री डाकू बसवले. मराठीत त्यांना चाचे म्हणतात, पण भिलाईच्या पोराला चाचे सांगितले तर तो म्हणेल, माझे दोन आहेत, एक रायपूरला. म्हणून डाकूच. तिने फळ्यावर त्यांचा झेंडा काढला, कवटी आणि खाली दोन आडवी हाडं. आणि वर्ग एकदम जागा झाला. चाळीसच्या चाळीस पोरांनी तो झेंडा ओळखला! का नाही ओळखणार? आमच्या गल्लीच्या तोंडाशी ट्रान्सफॉर्मर आहे आणि त्याच्या जाळीवर लाल पाटी आहे. खतरा, अकरा हजार व्होल्ट, कवटी, दोन हाडं.

“मॅडम, वो तो हमारे घर के पास रहते हैं,” मोनू म्हणाला.

समजावून सांगायला ती गेली, पण उशीर झाला होता. त्या दिवसापासून जुनवानीतला प्रत्येक ट्रान्सफॉर्मर डाकूंचा अड्डा झाला. शाळा सुटली की पोरं रस्त्याच्या पलीकडे रांगेत उभी राहून त्याला सलाम ठोकायची. विजेच्या ऑफिसातला लाइनमन एकदा फ्यूज घालायला आला, तर त्याला बारा सलाम एकदम मिळाले. पुढच्या वेळी तो मिशीला पीळ देऊन आला.

मग वर्गात बाकं जोडून जहाज झालं. जामुलच्या सिमेंटच्या ट्रकवरची जुनी निळी ताडपत्री हिराताईने कुठूनशी मिळवली, ती धुऊन आमच्या सामाईक भिंतीवर दोन दिवस वाळत टाकली, माझ्या मिरच्यांवर सिमेंट सांडलं, आणि तो समुद्र झाला. डाकू करतात काय, हे सांगायची वेळ आली तेव्हा तिने मारामारीला फाटा दिला आणि पोरांना भलतंच सांगितलं. खऱ्या डाकूंच्या जहाजावर कप्तान मतं देऊन निवडत असत. नियम आधी कागदावर लिहीत. लूट ठरल्याप्रमाणे वाटून घेत, आणि कोणाचा हात-पाय गेला तर त्याला वाटा जास्त. हे खरं आहे, मी नंतर पोराच्या फोनवर पाहिलं.

पोरांना हे सगळं चटकन कळलं. भिलाईच्या पोराला शिफ्ट, युनियन आणि मतदान दुधाच्या दातांबरोबर येतं. मतदान झालं, आणि मोनूला तीन मतांनी हरवून टीना कप्तान झाली. टीना म्हणजे कोपऱ्यावरच्या बळीराम आजोबांची नात, दोन दात पडलेले, आवाज शिफ्टच्या भोंग्याचा. नियम ठरले. डबे सगळे मधे ठेवायचे, सारखे वाटायचे, आणि जो वाटेल त्याने आपलं सगळ्यात शेवटी उचलायचं. रक्त आलं त्याला दुप्पट. तिसरा नियम टीनाचा, की जहाजावरच्या माणसाशी खोटं बोलायचं नाही. मोनूने विचारलं, “और बाहर वाले से?” त्यावर पुन्हा मतदान. बाहेरच्याशी चालेल, असं बहुमताने ठरलं. हिराताईने ते चार्टपेपरवर लिहिलं आणि खाली चाळीस अंगठे घेतले. टीनाने तेच नियम आपल्या वहीतही उतरवले, पुढे नवे गडी भरती करायला.

मी भिंतीवरून म्हटलं, “ताई, बाहेरच्याशी खोटं चालते असं पोरायले लिवून देल्लं तू?”

“बहुमत होतं,” ती म्हणाली.

“आनि उद्या ते मायबापाशी खोटं बोलले म्हणजे?”

“मंग मायबापानं जहाजावर यावं ना. कोनी अडवलं हाये?”

घराघरात जहाजं झाली. माझ्या ओळीतल्या एका गृहस्थाला रिमोटच्या प्रश्नावर घरात चार विरुद्ध एक मतांनी पाडलं, चौथं मत त्याच्या स्वतःच्या आईचं. हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, मंगळवारच्या पट्ट्यापर्यंत तर मीच सगळ्यात जास्त हसत होते. पण बुधवारी संध्याकाळी पोरं बळीराम आजोबांपर्यंत पोचली आणि हसण्याचं रडं झालं.

इथे भिलाईची एक रीत सांगायला हवी. दुसऱ्या गावात कोणाचं बोट तुटकं दिसलं तर लोक विचारतात, कशानं गेलं? भिलाईत विचारतात, “कोणत्या शॉपला होता?” शॉप म्हणजे प्लँटमधला विभाग. इथे बोट गेलं की ते ड्युटीवरच गेलं, असं धरून चालतात आणि चहा पाजतात. बळीराम आजोबांच्या उजव्या हाताची दोन बोटं अर्धी आहेत. ते प्लँटच्या कँटीनला होते. पण त्यांची हकिगत अशी, की किटली घेऊन मिलमध्ये गेले असताना तापून लाल झालेली लोखंडी पट्टी उसळली आणि त्यांनी एका माणसाला ओढून वाचवलं, त्यात बोटं गेली. मी या गल्लीत राहायला आले तेव्हा एक माणूस वाचला होता. आता तीन वाचतात. दर छब्बीस जानेवारीला शाळा त्यांना मंचावर बसवते, शाल घालते, आणि ते उजवा हात जरा वर धरून पोरांना नमस्कार करतात.

आता तुम्हीच सांगा, पहिली ‘ब’ने काय समजावं? डाकूंची बोटं जातात. बोटं गेलेल्याला मान मिळतो. दादाजींची बोटं गेली आहेत आणि त्यांना दरवर्षी शाल मिळते. हिशेब सरळ आहे.

बुधवारी आजोबा पानठेल्यावर उभे होते. अकरा पोरं आली, रांगेत उभी राहिली आणि सलाम ठोकला.

“दादाजी, आप कौन से जहाज पर थे?”

“तोप से गई कि तलवार से?” हे मोनूचं.

आणि एका बारक्या पोरीने त्यांचा हातच हातात घेतला, बोटांची टोकं जवळून पाहिली आणि विचारलं, “दुखा था क्या?”

ठेल्यावरची माणसं पोट धरून हसली. मी समोरून कोथिंबीर घेत होते, मीही हसले. आजोबांनी पान घेतलं आणि घरची वाट धरली. पण एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटली. रात्रीच्या जेवणाआधी ते आपल्या ओसरीच्या पायरीवर बसले होते, टीनाने वही पुढे केली, आणि त्यांनी शाईच्या पॅडवर अंगठा टेकवून त्या वहीत उमटवला. गच्चीवर कपडे काढताना मला दिसलं. मला वाटलं, नातीचा अभ्यास असेल.

दुसऱ्या दिवशी ठेलेवाला म्हणाला, “या कप्तान, चुना जास्ती का कमी?” आणि ते नेमकं त्यांच्या मुलाने ऐकलं.

त्यांचा मुलगा राजकुमार. हथखोजला त्याचा नट-बोल्टचा छोटा कारखाना आहे, आणि कॉलनी समितीचा अध्यक्ष व्हायची मोठी इच्छा. कोणताही अर्ज असो, पाण्याच्या टाकीचा का रस्त्यावरच्या दिव्याचा, तो त्यात एक ओळ घालतोच की अर्जदाराच्या वडिलांनी देशाच्या पोलादासाठी दोन बोटं दिली. मोठं नाव कमावणाऱ्या बापाचं पोरगं बापाचं नाव लावतं. हा बापाची बोटं लावायचा. त्याने गुरुवारी शाळेला पत्र दिलं. आमच्या वडिलांच्या बलिदानाची चेष्टा केली, पोरांना डाकू बनवलं, मॅडमवर कारवाई झालीच पाहिजे. खाली समितीच्या सहा जणांच्या सह्या. मंगळवारच्या पोलिसांचाही त्यात उल्लेख होता. पिस्तुलाचाही.

हो, ते माझंच.

शुक्रवारी संध्याकाळी हिराताई भिंतीशी आली तेव्हा तिच्या हातात ताडपत्री होती, घडी केलेली. प्रिन्सिपल शेषराव सरांनी तिला बोलावून सांगितलं होतं की शनिवारी शाळा सुटल्यावर दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवतो. राजकुमारचं म्हणणं खरं ठरलं, तर सोमवारपासून पहिली ‘ब’ नव्या बाईकडे आणि हिरा मॅडम लायब्ररीत. ऑर्डर टाइप झालेली होती, फक्त सही बाकी. ही लायब्ररी मी पाहिली आहे. पुस्तकं अठ्ठावीस, त्यातली सात टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या. वाचक एकच, तो उंदीर.

मी म्हटलं, “बरं झालं. बसून पगार. पंखा हाये तिथं.”

ती हसली नाही. एकोणीस वर्षांच्या शेजारात पहिल्यांदा माझा टोमणा वाया गेला.

“रश्मे,” ती ताडपत्रीच्या घडीवरून हात फिरवत म्हणाली, “मले पहिली सोडून काईच येत नाई. तीन वर्षं राह्यली रिटायरमेंटले. तीन वर्षं उंदराले अ आ इ शिकवू का?”

मला तेव्हा पिस्तूल आठवलं. म्हणून मी म्हटलं, उद्या मी तुला स्कूटीवर सोडते. याला प्रायश्चित्त म्हणा, नाही तर आतलं ऐकायची सोय म्हणा.

शनिवारी मी ऑफिसबाहेरच्या बाकावर बसले. मी ऐकत नव्हते. दाराला कडी नाही आणि पंख्याचा आवाज कमी आहे, त्याला माझा इलाज नाही. दाराच्या फटीतून टेबल, शेषराव सर आणि समोरच्या तीन खुर्च्या दिसत होत्या. एकीवर इस्त्रीचा राजकुमार, मधल्या खुर्चीत बळीराम आजोबा, हात नेहरू शर्टाच्या खिशात, आणि तिसरीच्या अगदी काठावर हिराताई.

शेषराव सर नागपूरकडचे. चांगला माणूस, फक्त कोणत्याही दोन माणसांत त्यांना दोघांचंही पटतं.

“मॅडम,” ते म्हणाले, “पुस्तकात अठराव्या पानावर जहाज आहे. मी तपासलं. डाकू कुठे आहे?”

“आत असंन, सर. चित्रात आतलं दिसत नाई.”

“अन् पोरं ट्रान्सफॉर्मरला सलाम करून राहिले! एखादं चिकटलं म्हणजे?”

“सलाम रस्त्याच्या पलीकडून करतात. मागच्या साली त्याच जाळीत घुसून पतंग काढत होते, तवा कोनाचीच अर्जी आली नाई.”

सरांना हेही पटलं. ते राजकुमारकडे वळले. राजकुमार उभा राहिला, सभेत राहतो तसा.

“सर, ट्रान्सफॉर्मर सोडा. माझ्या बाबांनी देशाच्या पोलादासाठी बोटं दिली. तीन जीव वाचवले. आणि ठेल्यावर लोक त्यांना कप्तान म्हणून राहिले. हे कोणी केलं? ह्या बाईनं. शाळेनं ज्या माणसाला शाल दिली, त्याची शाळेच्याच पोरांनी चेष्टा करायची?”

इथे हिराताई आजोबांकडे वळली. बोलायला लागली तेव्हा तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

“बळीरामकाका, तुमाले वाईट वाटलं असंन तर मी पाया पडते. पोरायनं चेष्टा नाई केली. त्यायले तुम्ही खरंच मोठे वाटले. पन तुमाले दुखलं असंन, तर चूक माही हाये. मी लायब्ररीत जाते.”

झालं. मी बाकावर डोकं धरलं. एकतीस वर्षं भांडलेली बाई नेमकी आजच नरम पडली. शेषराव सरांनी पेनाचं टोपण काढलं.

“काकाजी,” ते आजोबांना म्हणाले, “तुम्ही एक शब्द बोला, म्हणजे रीतसर होईल.”

आजोबांनी हिराताईकडे पाहिलं. खिशातला हात खिशात. तेवढ्यात माझ्या कोपराखालून काहीतरी सुटलं आणि दार ढकलून आत गेलं. टीना. शाळा सुटून अर्धा तास झाला तरी ती कुठे दडली होती देव जाणे. तिच्या हातात ती वही होती.

“टीना, बाहेर जा,” राजकुमार म्हणाला.

“मैं कप्तान हूँ,” टीना म्हणाली आणि वही टेबलावर उघडून ठेवली. मग आजोबांसमोर उभी राहिली. “दादाजी, आपने अंगूठा लगाया है. आप जहाज में हो कि बाहर?”

सर गोंधळले. हिराताईने त्यांना हळू आवाजात सांगितलं, “तिसरा नियम हाये, सर. जहाजावर खोटं चालत नाई. बाहेर असले तर चालते.”

“हा काय नियम आहे?”

“बहुमत होतं.”

आजोबा वहीतल्या आपल्या अंगठ्याकडे बघत राहिले. माझ्यामागे शाळेची शिपाई गयाबाई झाडू घेऊन येऊन उभी राहिली होती.

“बाहेर म्हना,” राजकुमार दातओठ आवळून म्हणाला. “बाबा, बाहेर म्हना.”

आजोबांनी हात खिशातून काढला आणि टेबलावर ठेवला.

“मी जहाजात हाओ,” ते म्हणाले. “सर, मिलमध्ये नाई गेली बोटं. मी मिलमध्ये कधी गेलोच नाई, किटली दारावरच घेत होते. दुर्गच्या बसस्टँडवर माह्या साळ्याची रसवंती होती. म्हंजे तवा तो साळा झाला नव्हता. त्याची बहीन गल्ल्यावर बसे. तिच्याकडे पाहत पाहत ऊस घातला चरख्यात, अन् ऊस संपला ते समजलंच नाई.”

शेषराव सरांनी पेनाचं टोपण परत लावलं. मग गयाबाई माझ्या कानाशी म्हणाली, “मायबाई! म्हंजे काकूसाठी गेली बोटं!”

“बाबा!” राजकुमार खुर्चीत बसला. “मी सगळ्या अर्जांत लिहून राहिलो… टाकीच्या अर्जात… दिव्यांच्या…”

“तू मले इचारलं कधी?” आजोबा म्हणाले. “कोनीच इचारलं नाई. लोक सांगत गेले, मी हाव म्हनत गेलो. कोनत्या शॉपचे, कोनत्या शॉपचे. चाळीस सालात दुखलं का म्हनून इचारनारी ते एकच पोट्टी निंगाली.” मग सरांकडे वळून म्हणाले, “चेष्टा माही कोनी केली नाई. अर्जीवर माही सही नाई.”

“पण आम्ही तुम्हाला शाली दिल्या!” शेषराव सरांना आता खरा धक्का बसला होता. “पाच वर्षं!”

“वापस आनून देतो. एक पांघरतो, ते धुवा लागंन.”

टीनाने वही बंद केली. “दादाजी को डबल मिलेगा,” तिने जाहीर केलं. “खून निकला था.”

“रसवंतीत निंगालं ते चालते का?” आजोबांनी तिला विचारलं, अगदी गंभीरपणे. टीना म्हणाली, सोमवारी मतदान घेऊ.

राजकुमारने पत्र परत मागितलं. सरांनी ते दिलं. ते घडी घालून खिशात ठेवताना त्याने एकदा बापाच्या हाताकडे पाहिलं, आणि शपथेवर सांगते, त्याच्या तोंडाचा कोपरा हलला. हसू होतं का, माहीत नाही. आई-बापाची प्रेमकथा अशी अर्जाच्या सुनावणीत किती जणांच्या वाट्याला येते? मग तो बाहेर आला, मला बघून पुन्हा राजकुमार झाला आणि म्हणाला, “वहिनी, हे गल्लीत जाऊ नये.”

मी म्हटलं, छे हो. मी सांगते का कधी काही?

आत शेषराव सर टाइप केलेल्या ऑर्डरकडे बघत होते. फाडली तर चूक झाली असं दिसेल, ठेवली तर बरोबर होतं असं दिसेल. शेवटी त्यांनी तिच्यावर चहाचा कप ठेवला. पहिली ‘ब’ हिराताईकडेच राहणार, एवढं कपाच्या गोल डागावरून मला बाहेरूनही कळलं.

पण प्रिन्सिपल आहेत, काहीतरी हुकूम दिल्याशिवाय बाईला सोडणार कसे? हिराताई पदर सावरून दारापर्यंत आली तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

“मॅडम, वर्ग तुमचा. पण हे डाकू-बिकू आता बंद. सोमवारपासून पोरांना काही चांगलं शिकवा. राजे-महाराजे शिकवा.”

हिराताई वळली. आवाज आता ओळखीचा होता.

“शिकवते ना, सर. पन राजा डबा एकटाच खाते, अन् मत देऊन त्याले काढता येत नाई. पोरायनं कावून म्हनून इचारलं, तर तुमच्याकडे धाडू का?”